मावशींचा 'यो'

जिना चढून आल्या की मावशी दाराच्या चौकटीला हात टेकून दम घ्यायच्या, आत बसलेल्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, "पाप मॉगॉसॉ?"

जेवलीस का, असं ते कोरियन वाक्य आहे. वेळ संध्याकाळी सहाची. सहाला आपल्याकडे कुणीच जेवलेलं नसतं. तरी दहा-बारा पोरं-पोरी वहीतून मान वर करून एका सुरात "हो" म्हणायची. कारण "नाही" म्हटलं की मावशींच्या पिशवीतून डबा निघायचा, आणि डबा निघाला की माझा वर्ग अर्धा तास बुडायचा.

क्रांती चौकाजवळ चष्म्याचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत मी कोरियन शिकवते. त्या बाजूनं जाता-येता तुम्ही खिडकीतली पाटी पाहिलीही असेल. शेंद्र्याकडच्या एका कोरियन कारखान्यात मी सहा वर्षं दुभाषी होते. नंतर ते सोडलं आणि हा वर्ग काढला. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मी मुलं डिप्लोमा करून कारखान्यात लागायला बघणारी, निम्म्या मुली मोबाइलवर कोरियन मालिका बघून नादावलेल्या. अशात एका संध्याकाळी पन्नाशी ओलांडलेली, कपाळावर गोंदण असलेली, रबरी चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणारी एक बाई दारात उभी राहिली. मला वाटलं, खालच्या दुकानात फरशी पुसायला आलेली बाई चुकून वर आली. असं वाटल्याची लाज मला अजून वाटते.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अगदी सहज कोरियनमध्ये म्हणाल्या, "तूच शिकवतेस का? मग मला पण शिकव."

मी खुर्चीतून उठलेच. त्यांचा उच्चार माझ्यापेक्षा सरस होता. जे स्वर घोटायला माझी वर्षं गेली, ते त्यांच्या तोंडून पाणी ओतल्यासारखे येत होते. पण काहीतरी चमत्कारिकही वाटत होतं, आणि ते काय हे कळायला मला मिनिटभर लागलं. आवाज पन्नाशीतल्या बाईचा होता आणि भाषा पाच वर्षांच्या मुलीची.

कोरियन भाषेत आपल्यासारखंच अरेतुरे आणि अहोजाहो असतं, आपल्यापेक्षा कितीतरी कडक. वाक्याच्या शेवटी 'यो' लावला की मान दिला. नाही लावला की समोरचा एकतर तुमचा अगदी जवळचा, नाहीतर तुमच्याहून लहान. अनोळखी माणसाशी बोलताना 'यो' गाळला तर तो सरळसरळ अपमान. मावशींना हा 'यो' ठाऊकच नव्हता. त्यांनी तो ऐकला असेल, पण त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता.

मावशी मूळच्या पैठणकडच्या. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा त्या शहरात आल्या आणि घरकामं धरली. हे त्यांनी मला एकदाच, माझ्याच ओट्याशी मेथी निवडताना सांगितलं आणि लगेच मेथी किती कोवळी मिळाली त्यावर बोलायला लागल्या. पुढे कुणाच्या तरी ओळखीनं एका कोरियन साहेबाच्या घरी त्या कामाला लागल्या. घरात साहेब, त्याची बायको आणि सात महिन्यांची मुलगी. साहेब सकाळी कारखान्यात जायचा तो रात्रीच यायचा. बायकोचं इथं मन लागेना, ती दिवस दिवस खोलीचं दार लावून पडून असायची. मुलीचं नाव सोना. तिकडचंच नाव आहे, पण मावशींना वाटलं, आपलंच आहे.

"आमी दोघी बरूबरच बोलाया शिकलो," मावशी सांगायच्या. "ती 'मुल' म्हनायची. मला वाटायचं, ही सोताला मूल म्हनू राह्यली. लई दिवसांनी कळालं, बिचारी पानी मागती. कोरियात पान्याला मुल म्हन्तेत."

सोनाची आई खोलीत जे बोले, सोना जे कार्टून बघे, त्यातला शब्द न् शब्द सोनाच्या तोंडून मावशींकडे आला. पाच वर्षं. सोना त्यांना 'ईमो' म्हणायची. ईमो म्हणजे मावशी. त्या राहायच्या ते आख्खं पुंडलिकनगर त्यांना मावशीच म्हणतं, पण ईमो म्हणणारी एकच होती.

मग साहेबाची बदली झाली आणि ते कुटुंब परत गेलं.

सुरुवातीला दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. मावशी धुतलेली साडी नेसून मोबाइल डब्याला टेकवून बसायच्या. तिकडे घरात आता सोनाची आजीही होती. एका रविवारी पडद्यावर आधी आजी आली. मावशींनी आनंदानं विचारलं, "पाप मॉगॉसॉ?" म्हातारी उठून निघूनच गेली. त्यानंतर कॉल तुटक होत गेले. शेवटी सोनाच्या आईचा एक निरोप आला, मोबाइलनंच मराठीत भाषांतर केलेला. तो घेऊनच मावशी माझ्याकडे आल्या होत्या. 'कृपया आमच्या मातेशी आदर भाषा वापरा. ती दुखावली आहे.'

"मी काय वंगाळ बोलले का?" त्यांनी मला विचारलं. "जेवलीस का, येवढंच म्हनलं. म्हातारीला जेवलीस का म्हनू नाय का?"

"तुम्ही तिला अगं म्हणालात, मावशी."

"मंग? आमच्या गावाकडं देवाला बी तूच म्हन्तेत."

ते खरंच होतं. मावशी मराठीतही कुणाला अहोजाहो करत नसत. रिक्षावाला, वॉर्डाचा नगरसेवक, दवाखान्यातला डॉक्टर, सगळे तूच. मला त्या 'मॅडम' म्हणायच्या आणि त्याच दमात 'तू' म्हणायच्या. "मॅडम, तू लई वाळलीस." वर्गातल्या पोरी खाली मान घालून हसायच्या. मी रागावल्याचं दाखवायचे.

तर म्हातारीशी बोलण्यापुरता मान शिकायचा, एवढ्यासाठी मावशी वर्गात बसू लागल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. सगळं कानानं. आणि तो 'यो' काही केल्या जिभेवर बसेना. वाक्य पूर्ण व्हायचं, मावशी थांबायच्या, काहीतरी राहिल्यासारखं वर बघायच्या आणि मग वेगळाच सुटा 'यो' म्हणायच्या. जेवणाचा शब्द वडीलधाऱ्यांसाठी बदलतो हे ऐकून त्या चकितच झाल्या.

"म्हातारीचं जेवन येगळं आन् आपलं येगळं?"

"जेवण तेच, मावशी. शब्द वेगळा."

"मंग तिचं पोट बी येगळं आसंल," त्या म्हणाल्या.

'हो'साठी लहान मुलं जो हुंकार देतात तो मोठ्यांपुढे चालत नाही, तिथं 'ने' म्हणायचं असतं. हे 'ने' तर त्यांना अजिबात आवडलं नाही. "सारखं 'ने' 'ने' काय? मला वाटतं, कुनीतरी घरातलं उचलून न्यायला सांगू राह्यलंय."

वर्ग सुटला की आम्ही दोघी एकाच शेअर रिक्षानं परत जायचो. माझा फ्लॅट पुंडलिकनगरातच, त्यांच्या खोलीपासून दोन गल्ल्या पुढे. त्या रिक्षात बसून पाठ म्हणायच्या. एकदा सराव इतका जोरात आला की उतरताना रिक्षावाल्याला म्हणाल्या, "बाबा, हितंच थांब-यो." त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "खाला की तबियत ठीक है ना?"

एका दुपारी त्या मला शहागंजला घेऊन गेल्या. सोनाला फ्रॉक शिवून पाठवायचा होता. कापडवाल्यानं विचारलं, "बच्ची कित्ते साल की है, आपा?" मावशींनी वय सांगितलं नाही. उजवा हात पुढे करून कमरेशी धरला, मग थोडा विचार करून चार बोटं वर नेला. "येवढी आसंल आता," त्या मला म्हणाल्या. "न्हाय?" मी सोनाला कधी पाहिलंच नव्हतं. तरी म्हटलं, हो, तेवढीच असेल. त्या हिशेबानं पिवळ्या फुलांचं कापड फाडलं गेलं.

मग मी एक उपाय काढला. आता वाटतं, काढला नसता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मावशी, मराठीतच सवय करा. आजपासून मला तुम्ही म्हणायचं. वर्गात, रिक्षात, माझ्या घरी, कुठंही. जिभेला वळण लागलं की 'यो' आपोआप येईल."

"तुला तुमी म्हनू?"

"हो."

"बरं."

मास्तरीण म्हणून मला सांगायलाच हवं की उपाय लागू पडला. आठवडाभर त्या अडखळल्या. "मॅडम, तू... तुमी पानी पिता का?" मग अडखळणं थांबलं. महिन्यात 'यो' जागच्या जागी पडायला लागला. आणि एका संध्याकाळी त्या दारात आल्या, चौकटीला हात टेकला, दम घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमी जेवलात का?"

मी "हो" म्हटलं आणि फळ्याकडे वळले. फळ्यावर काय लिहायला निघाले होते ते आठवेना. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. वर्गात मी 'मॅम', सोसायटीत 'मॅडम', कारखान्यातले जुने लोक फोन केला तर 'मॅडमजी'. या शहरात मला तू म्हणणारं एकच माणूस उरलं होतं आणि त्याला मीच शिस्त लावली होती. आता पुन्हा तू म्हणा, हे कोणत्या तोंडानं सांगणार? त्यांची परीक्षा तर अजून व्हायची होती.

ती एका रविवारी झाली. मावशींनी माझ्याकडून सोनाच्या आईला निरोप लिहून घेतला होता, अगदी मानाच्या भाषेत. तिनं दुपारची वेळ दिली. वर्गाला सुट्टी होती, आम्ही दोघीच खोलीत. मावशींनी फळ्याखालच्या टेबलावर मोबाइल टेकवला. मी पडद्याबाहेर, बाजूच्या बाकावर बसले.

आजी आली. मावशींनी मान झुकवून नमस्कार केला आणि पाठ केलेलं सगळं बोलल्या. प्रकृती कशी आहे, जेवण झालं का, थंडी फार आहे का. प्रत्येक 'यो' जागेवर. जेवणाचा तो वेगळा शब्दसुद्धा. म्हातारीचा चेहरा हळूहळू सैल झाला. तीही मान लववून बोलली. फ्रॉक पोचला म्हणाली, फारच सुंदर होता, सोनाला लहान झाला, शेजारच्या मुलीला अगदी बरोबर बसला. मावशी "ने, ने" म्हणत राहिल्या. मग म्हातारीनं आत वळून हाक मारली.

सोना आली. शाळेत जायला लागली होती. पुढचे दोन दात पडलेले, केस घट्ट बांधलेले. मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"सोना! पाप मॉगॉसॉ?"

मुलीनं आधी आजीकडे डोळे वळवले. मग सरळ उभी राहिली, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि तिकडच्या शाळेत शिकवतात तशी कमरेतून वाकली. "आन्न्यॉंगहासेयो, ईमो," ती म्हणाली. "ने. मॉगॉसॉयो."

नमस्कार, मावशी. हो. जेवले मी. प्रत्येक वाक्याला मान. आजीनं कौतुकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मावशींचा हात मोबाइलच्या दिशेनं गेला होता, तो टेबलावर आला. दोन महिन्यांपूर्वी त्यांना यातलं काही कळलं नसतं. सोना बोलली, हसली, एवढ्यावर त्या खूश होऊन घरी गेल्या असत्या. तो 'यो' ऐकायला मी शिकवलं होतं.

मग त्यांनी पदर सारखा केला आणि सोनाशी बोलायला लागल्या. मानाच्या भाषेत. शाळा आवडते का, यो. बाई चांगल्या आहेत का, यो. सात वर्षांची मुलगी आणि तिला मांडीवर घेऊन बोलायला शिकलेली बाई, दोघी पहिल्यांदाच भेटल्यासारख्या एकमेकींची विचारपूस करत होत्या. कुणाची एकही चूक झाली नाही. तीन-चार मिनिटांत बोलायचं संपलं. पडदा काळा झाला.

मी उठून खिडकी उघडली. खाली चौकातले हॉर्न आत आले.

"चांगलं वळन लावलंय पोरीला," मावशी म्हणाल्या. मोबाइल पिशवीत टाकला. मग विचारलं, "मॅडम, तिनं मला 'यो' लावला न?"

"हो, मावशी."

"म्हंजी मान दिला."

"हो. मोठ्यांना देतात तिकडे."

त्या पिशवीची गाठ बांधत होत्या. बांधलेली सोडली, परत बांधली. "मी कुठं मान मागितला व्हता," त्या म्हणाल्या.

माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. तिकडे शाळेत शिस्त कडक असते, आजी बाजूला उभी होती, मूल मोठं होतं. मी वर्गाला कुलूप लावलं. परत येताना रिक्षात त्यांनी पाठ म्हटला नाही. म्हणायचं कारणही उरलं नव्हतं.

तरी त्या वर्गाला येत राहिल्या. का, ते मी विचारलं नाही. मला त्या हव्या होत्या म्हणून विचारलं नाही. कॉल महिन्यातून एकदा ठरल्यासारखा यायचा. मावशी सांगायच्या, "झालं बोलनं. समदे बरे हायेत." एवढंच.

पावसाळा संपता संपता कारखान्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याचा चेन्नईहून फोन आला. तिकडे एका कोरियन जोडप्याला पाच महिन्यांच्या बाळासाठी घरात राहणारी बाई हवी होती. थोडं कोरियन येणारी, अदबीनं बोलणारी. आहे का कुणी? मी सांगू शकले असते की नाही. पण दुसऱ्याच दिवशी मी मावशींना विचारलं. मनात एक आशा होती की त्या म्हणतील, आता कुठं एवढ्या लांब.

"जाते," त्या लगेच म्हणाल्या. "हितं काय हाय, मॅडम?"

मी त्यांना कोरियनमध्ये शिफारसपत्र लिहून दिलं. त्यात लिहिलं, या बाईंची भाषा अत्यंत आदरयुक्त आहे. सही करताना शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं काय लिहिलंय, तेव्हा वाचून दाखवलं. "खोटं नाय ते," त्या म्हणाल्या.

स्टेशनवर पोचवायला मी एकटीच होते. एक ट्रंक, एक बोचकं आणि नेहमीची पिशवी. खिडकीजवळची जागा मिळाली. मी फलाटावरून गजांना धरून उभी होते. मावशी सूचना देत होत्या, अजूनही अहोजाहोत: गॅस बघून निघत जा, उपाशी झोपू नका, त्या कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडून घेऊ नका. गाडीला धक्का बसला आणि माझ्या तोंडून निघालं, "मावशी, पोचलीस की फोन कर."

बाजूला कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं. मावशींनी कान पुढे केला. "काय म्हनलात?"

"म्हटलं, पोचल्यावर फोन करा."

"व्हय, व्हय. करते."

गाडी गेली. एवढी भाषा शिकवते मी.

फोन आठ-दहा दिवसांनी आला. घर मोठं आहे, बाई चांगली आहे, सांबार रोज असतं, त्याचा कंटाळा आला. बाळ अजून बोलत नाही, नुसतं बघत राहतं. "डोळे लई बारीक हायेत, सोनावानी," त्या म्हणाल्या. मागे बाळाचा आवाज येत होता.

"आता परत दोघं बरोबर शिकणार म्हणा," मी म्हटलं.

"नाय, मॅडम. ह्याला मी पयल्यापासून 'यो' लावू राह्यले. आंघूळ घालताना, भरवताना, समद्यात. त्याला बी तसंच शिकवनार."

"एवढ्याशा बाळाला कुणी 'यो' लावत नाही, मावशी. तिकडचे लोकही नाही."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पन पुढं त्याचं बोलनं बदललं तरी मंग मला कळायचं नाय."

बाळ रडायला लागलं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर दोनदा बोलणं झालं, घाईघाईत. मग त्यांचा तिकडचा नंबर लागेनासा झाला. त्या सहकाऱ्याला विचारलं, तर ते कुटुंब दुसरीकडे राहायला गेल्याचं कळलं. कुठं, ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं. मी अजून अधूनमधून तो नंबर लावून बघते. रविवारी दुपारी, वर्ग नसतो तेव्हा. दोन-तीन वेळा घंटी वाजल्यासारखं होतं आणि मग एक बाई तमिळमध्ये काहीतरी सांगते. मला त्यातला एक शब्द समजत नाही. आवाज मात्र फार अदबीचा आहे, म्हणून मी तो शेवटपर्यंत ऐकून घेते.